दोन्ही दंडांवरचे वण

कुणालीचं विमान बारा दिवसांवर आलं आणि आमच्या गावच्या, शेणव्याच्या घरात दुसरा विषयच उरला नाय. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रेलिया! माझी चुलत बहीण ती, माझ्याहून चार दिवसांनी लहान. बारावीनंतर तिला कॉलेजात घातली आणि भाताच्या लावणीला हात हवेत म्हणून मला घरी बसवली. जळते मी तिच्यावर, लपवून काय करू? तिचा तिकडचा विमासुद्धा काढून झाला होता. अजून साधी शिंक आली नाय, आणि दवाखाना तयार! आमाला ताप आला की आधी थांब्यावर एसटीची वाट बघायची.

मग तिकडच्या कॉलेजाचा फॉर्म आला. लहानपणी गोवराची लस घेतलीय, असं डॉक्टरांनी लिहून द्यायचं होतं. आमा दोघींची टोचणीची कार्डं माझ्या आईच्या ट्रंकेत. ती काढताना आई हळूच बोलली, "अनिता, कुणालीला एकपण सुई टोचलेली नाय गो."

"कार्डावर तर सगळे शिक्के हायेत!"

"काकीचं पहिलं पोर सुई टोचल्यावर तापानं गेलं. तिला सुईची धास्ती. नर्सबाई आली की आधी तुला टोचायची. मग काकी झबलं-टोपडं बदलून, कुणाली म्हणून परत तुलाच पुढं करायची, दुसरा दंड काढून. थोरली जाऊ, मी काय बोलणार?"

शाळेत पोरी मला चिडवायच्या. सगळ्यांच्या एका दंडावर टोचल्याचा वण, माझ्या दोन्ही दंडांवर. अगो बाई! म्हणजे हिच्या वाटच्या सुयापण मीच खाल्ल्या!

दुसऱ्या दिवशी शहापूरला डॉक्टरांकडे गेलो. काकी, कुणाली आणि पिशवी धरायला मी. डॉक्टरांनी कार्ड बघितलं, पेन उघडलं. काकी खाली मान घालून बसली होती. मी गप्प बसले असते तर कुणाली निघालीच होती. बोलले तर सुया नव्यानं, आणि विमान चुकायचं. चुकू दे मेलं!

"डॉक्टर, ते कार्ड खोटं हाय," मी म्हटलं आणि दोन्ही बाह्या वर सारल्या. "हिचे दंड बघा, कोरे."

काकी रडायलाच लागली. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, फॉर्म परत वाचला. "एक डोस घेऊन आलं तरी चालतं, असं इथं लिहिलंय. आज टोचतो. दुसरा महिन्यानं तिकडे घे, विमा आहेच तुझा." पाच मिनिटांत काम झालं. माझं तोंड कडू झालं.

आठव्या दिवशी कुणालीला बारीक ताप आला. डॉक्टरांनी तसं आधीच सांगितलं होतं, तरी काकी उंबऱ्यातच थांबली. "अनिता, तूच बस गो तिच्याजवळ," म्हणाली. मी बसले, कपाळावर ओलं फडकं ठेवलं.

कुणालीनं माझा हात धरला. "आईच्या तोंडावर बोललीस, माझ्या जिवासाठी. सख्खी असती तरी बोलली नसती गो."

तिचं विमान चुकावं म्हणून बोलले होते मी. एवढं सांगायचं होतं. मी फडकं परत पाण्यात बुडवलं आणि पिळत बसले.