धाकटीच्या फ्रॉकची कंबर

आई घरी शिवणकाम करायची. घरातल्यांचीही मापं वहीत लिहायची. त्या महिन्यात धाकटीच्या फ्रॉकची कंबर तिनं दोनदा आत घेतली. बावीस, एकवीस, साडेएकोणीस. "काठी झालीस गं," म्हणायची आणि मशीनवर बसायची. धाकटी नऊ वर्षांची, मी चौदाची. ती घटाघटा पाणी प्यायची, अंथरूण ओलं करायची आणि मी तिला चिडवायचे. चाळीस वर्षं झाली, ते अजून टोचतं.

आजोबांना मधुमेह होताच. "हिलाही माझंच दुखणं!" ते म्हणाले. "इस्टेट सोडून नेमकं हेच उचललं बयेनं."

मग त्यांचाच उपाय तिला लागू झाला. गोड बंद, जेवण अर्धं, दोन वेळा फिरणं. आजोबांना त्यानं गुण आला होता. धाकटी चौथ्या दिवशी जिन्यातच बसली. श्वास धापा टाकल्यासारखा, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास.

दवाखान्यात आईनं डॉक्टरीणबाईंपुढे मापांची वही धरली. "माझंच चुकलं. लाडानं गोड दिलं."

"अहो, गोडानं नाही झालं हे. आजोबांच्या शरीरात इन्सुलिन बनतं, पण शरीर त्याला दाद देत नाही. वय, पोटाची चरबी, घराण्याचा वारसा, सगळं मिळून ते होतं. हिच्या शरीरानं इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी स्वतःच मारल्यात. का, ते आम्हालाही पुरतं ठाऊक नाही. नाव एक, दुखणी दोन. हिला उपास नको, इन्सुलिन हवं. आत्ता."

"वाचेल ना?"

त्यांनी लगेच सलाईन लावलं, काचेच्या सिरिंजमध्ये औषध भरलं. पाण्यासारखं, एवढंसं! आई मशीनला तेल घालायची तेवढंच. एवढ्याशावर माणूस अडतं? मी बघतच राहिले.

तिसऱ्या दिवशी धाकटीनं डोळे उघडले. "ताई, भूक लागलीय. आणि आजोबांना सांग, इस्टेटही घेणार आहे."

आजोबा भिंतीकडे तोंड करून नाक शिंकरत राहिले.

घरी रोजची सुई आईनंच टोचायची होती. जन्मभर सुई धरलेली आई पहिल्या दिवशी सिरिंज भरून नुसती धरून बसली. धाकटीच म्हणाली, "टोच गं, मी काय कापड आहे फाटायला?"

दोन महिन्यांनी आईनं फ्रॉकची शिवण एकेक टाका उसवली आणि टेप धरली. बावीस. तिचा विश्वास बसेना. तिनं पुन्हा मोजलं. टेपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं आणि त्याखाली धाकटीचं पोट श्वासागणिक वरखाली होत होतं.