गेल्या वर्षीचे पाच नमस्कार

आमच्या घरी महालक्ष्म्या आणल्या त्या द्वारकाबाईंनी. भोसल्यांच्या अंमलात त्या नागपूरहून रायपुरास आल्या, तेव्हा बैलगाडीत दोन पितळी मुखवटे मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांच्यानंतर त्यांच्या सूनबाई अंजनाबाई, आणि अंजनाबाईंनंतर माझ्या सासूबाई मथुराबाई. तिघींनीही भाद्रपदात पूजेच्या दिवशी देवींपुढे सोळा नमस्कार घातले. गुडघे, तळवे आणि कपाळ जमिनीला टेकवायचे आणि भिंत, पाट किंवा माणूस यांपैकी कशाचाही आधार न घेता पुन्हा ताठ उभे राहायचे. लागोपाठ दोन वर्षे सोळा पुरे झाले नाहीत, तर मुखवट्यांच्या पेटीची किल्ली पुढच्या सुनेकडे जाते. चौथी मी, मनोरमा. एकेचाळीस वर्षे ती किल्ली माझ्या कमरेला होती.

रायपूर राजधानी होऊन तीन वर्षे झाली होती, त्या भाद्रपदात माझे नमस्कार अकरावर थांबले. बाराव्याला कपाळ टेकले आणि गुडघे उठेनात. शेजारी माझी धाकटी जाऊ पद्मिनी उभी होती. तिने घाई केली नाही. तीस बायकांनी नीट पाहून घेईपर्यंत ती थांबली, आणि मग दोन्ही काखांत हात घालून तिने मला धान्याच्या पोत्यासारखे उचलले.

"जाऊबाई, तुमच्याच्यानं होत नाही आता," ती सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. "पुढल्या वर्षी मस्त खुर्चीवर बसून पाहा. मग महालक्ष्म्या माह्या फ्लॅटवर उभ्या राहतील. तिथं लिफ्टबी आहे."

बायका म्हणाल्या, देवी समजून घेते. देवीने समजून घ्यावे, असे मी तिला सांगितले नव्हते.

दिवाळीला पद्मिनी चिवड्याच्या डब्यासोबत टीव्हीवर लावायची योगासनांची एक तबकडी घेऊन आली. तिची मुलगी सोनिया पुण्याला हा योग करते म्हणे. तुमच्याच्यानं व्हायचं नाही, पण नुसतं पाहत बसलं तरी आंग मोकळं होते, असे सांगून तिने ती माझ्या हातात दिली आणि माझ्या गुडघ्यांकडे पाहून हसली. मी तबकडी कपाटावर पालथी टाकली. दुसऱ्या दिवशी शेखर, माझा मुलगा, मंत्रालयात गेल्यावर त्याच्या मुलीला, निधीला, ती लावायला सांगितली.

पडद्यावर समुद्रकिनारा होता आणि निम्म्या कपड्यांतली एक गोरी मुलगी. आसन लावावे आणि स्थिर राहावे, एवढे मला लहानपणापासून ठाऊक होते. ही मुलगी कोठे थांबतच नव्हती. वाकली की पाय मागे, पाय मागे की छाती खाली, छाती खाली की मान वर. एकातून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे, आणि सगळे श्वासाच्या तालावर. याला ती विन्यास म्हणत होती, तोही चुकीच्या उच्चाराने. निधी तिचे इंग्रजी हिंदीत सांगत होती. आमच्या घरातली मुले मराठी ऐकतात आणि उत्तर हिंदीत देतात. तो वाद मी हरलेला आहे.

"आजी, आपसे नहीं होगा," ती म्हणाली. "ये लोग रबर के बने होते हैं."

मी तिला बटण दाबायला सांगितले.

सतरंजी फरशीवरून घसरत होती, म्हणून मी गोल बाजारातून रबराची चादर मीटरवर कापून आणली. पातळात पाय अडकत होते, म्हणून ट्रंकेतून सासूबाईंची नऊवारी काढली. काष्टा घातला की पाय मोकळे राहतात, हे त्या मुलीला कोणी सांगितलेले दिसत नव्हते. पहिले तीन आठवडे मी रोज आपटले. शेखरने डॉक्टरांचा कागद पुढे केला. मी त्याला विचारले की किल्ली पद्मिनीला द्यायला जाताना तो कागदही सोबत न्यायचा का. तो ऑफिसला निघून गेला.

त्या सगळ्यात एक स्थिती अशी होती की तळवे आणि पावले जमिनीवर, कंबर उंच आणि डोके खाली. तिचे नाव कुत्र्यावरून आहे, असे निधीने सांगितले. देवघराच्या दारासमोर मी ते नाव घेतले नाही. मी तिला डोंगर म्हणत असे. डोंगरात पाच श्वास थांबायचे, मग पावले एकेक करून तळव्यांपर्यंत आणायची आणि उभे राहायचे. तिथेच माझे घोडे अडत होते. तीन श्वासांत हात थरथरत आणि मी गुडघ्यांवर येत असे.

एका सकाळी निधी दूध घ्यायला खाली गेली. मी डोंगरात होते. पडद्यावरची मुलगी म्हणाली, पाच श्वास. मी पाच घेतले. ती पुन्हा म्हणाली, पाच श्वास. तेही घेतले. तिसऱ्यांदा तिने तेच सांगितले, तेव्हा माझ्या लक्षात आले की ही मला जोखते आहे. एवढ्याशा मुलीपुढे मी गुडघे टेकणार नव्हते. घाम नाकावरून रबरावर पडत होता. उरल्याच्या कारखान्यांकडून येणारी काळी धूळ रोज सकाळी खिडकीतून आत यायची, तिच्यात माझ्या तळव्यांचे ठसे उमटले. किती वेळ गेला, ते मला ठाऊक नाही.

निधी परत आली आणि दारातच उभी राहिली. "आजी, उठ जाओ. डिस्क अटक गई है."

तिने तबकडी फडक्याने पुसायला घेतली. मी ती पुसू दिली नाही. त्या दिवसापासून रोज ती त्याच जागी अडकली आणि रोज मी तिच्यासोबत थांबले. चैत्रात मी जमिनीवरून एकटी उठले. निधीकडून देवघरात वचन घेतले की ही गोष्ट घराबाहेर जाणार नाही.

पद्मिनीने इकडे तयारी चालवली होती. श्रावणात मारोती सुताराकडून तिने मखरसुद्धा करवून घेतले, आणि ते पाहायला मला खास बोलावले. मी जाऊन पाहिले. बरे आहे, म्हटले.

पूजेच्या दिवशी त्याच तीस बायका आल्या. नैवेद्य झाला, आरती झाली. मी नऊवारीचा काष्टा घट्ट केला आणि नमस्कारांना सुरुवात केली. बाराव्याला पद्मिनी दोन पावले पुढे सरकली. मी उठले. तेराव्याला ती मागे गेली. सोळावा झाला तेव्हा कोणीतरी सुस्कारा सोडला. मी सतरावा घातला.

"झाले न जाऊबाई सोळा," पद्मिनी म्हणाली. "आता काहून?"

"गेल्या वर्षी तू मला अकरावर उचललेस. देवींचे पाच माझ्याकडे राहिले आहेत."

बायका पद्मिनीकडे पाहू लागल्या. तिचा चेहरा उतरला. पण ती माझीच जाऊ, मागे हटणारी नव्हे. मी थांबवलं होतं, तर मीबी घालते, असे म्हणून तिने पदर खोचला आणि माझ्या शेजारी गुडघे टेकले. अठरावा आम्ही दोघींनी घातला. ती धापा टाकत उठली. एकोणिसाव्याला तिचे कपाळ टेकले आणि तिथेच राहिले. मी उभी राहिले तेव्हा तिचे हात फरशीवर भिंत शोधत होते. भिंत चार हात दूर होती.

मी तिच्या शेजारी ताठ उभी राहिले आणि श्वास घेतला. एक. दोन. तीन.

"जाऊबाई, हात द्या," ती जमिनीशी बोलली.

मी उरलेले दोन श्वास घेतले. मग वाकून दोन्ही काखांत हात घातले आणि तिला उचलून खुर्चीवर बसवले. खुर्ची माझ्यासाठी तिनेच मागवलेली होती. विसावा आणि एकविसावा मी एकटीने घातला. देवींचे पाच फिटले.

संध्याकाळी ओटी भरताना पद्मिनी माझ्यासमोर पाटावर बसली. तिने मखराचा विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. मी तिच्या पदरात तांदूळ घातले, खण आणि नारळ ठेवला, आणि त्यावर ती तबकडी ठेवली.

तिने तबकडी उचलून पाहिली.

"सोनियाची आहे," मी म्हणाले. "मध्ये एके ठिकाणी अडकते. अडकली तरी उठू नकोस."