डाव्या हाताचा बेत

तोंडात तीन टाचण्या धरून तिनं खाकी कागदाचा शेवटचा तुकडा सतरंजीवर लावला आणि गुडघ्यांवरच मागे सरकली. शिवणवर्गात ब्लाऊज बेततात तसा तिनं छोट्या ट्रकच्या पाठीवर बसणारा अख्खा संसार बेतला होता, खऱ्या मापाचा. पलंग, ओटा, कपाट, पाण्याची टाकी. छप्पर गाडी थांबल्यावर उचलायचं, निघताना खाली बसवायचं. मधल्या कापडी भिंती ती स्वतःच शिवणार होती.

नवरा खुर्चीतून बघत होता. बत्तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. गेल्या वर्षीच्या झटक्यानंतर उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा, कुणीतरी विसरून गेल्यासारखा. व्यायाम त्यानं कधीच सोडला होता. “सामान म्हणून मी फिरायला येणार नाही,” हे तो महिनाभर सांगत होता. तिनं वाद घातला नाही. कागद आणला.

“ताई, हे लाकूड आहे, कापड नव्हे,” सुतार दारात चपला काढत म्हणाला. “ओढलं म्हणून ताणलं जायचं नाही ते.”

“म्हणून तर अर्धा इंच जास्त सोडलाय. मोजा.”

त्यानं मोजलं. पुन्हा मोजलं. “कपाटाचं दार ओट्याला अडायला हवं होतं.”

“अडत होतं. तीनदा कापलं.”

सुतारानं कानामागची पेन्सिल काढली आणि परत कानामागे ठेवली. नवऱ्याला आतून बरं वाटलं, पण चेहऱ्यावर त्यानं काही येऊ दिलं नाही.

“अहो, या बरं. बसून बघा.”

कुरकुरत तो पलंगाच्या कागदावर ठेवलेल्या स्टुलावर बसला. डावा हात लांब केला तर शेगडी. थोडा पुढे, नळ. वर, दिव्याचं बटण. उठावं लागेल असं काहीच नव्हतं. महिन्यापूर्वी नव्या शर्टासाठी म्हणून तिनं त्याच्या डाव्या हाताचं माप तीनदा घेतलं होतं.

“शर्ट कुठाय माझा?”

“हाच.”

त्यानं एकेक कागद नजरेखालून घातला. मग त्याच्या कपाळाला आठी पडली.

“टाकी केवढी?”

“ऐंशी लिटर.”

“आणि गॅस, बॅटरी, कपाट, सगळं डावीकडेच. म्हणजे एक जाडा माणूस जन्मभर डाव्या खिडकीला लटकलेला. पहिल्या वळणाला कलंडेल गाडी.”

सुतार हसला. ती हसली नाही. पंधरा दिवसांचं काम तिच्यासमोर पसरलं होतं.

“टाकी पलीकडे नेली तर नळ तुमच्या उजव्या हाताला येतो,” ती हळू म्हणाली आणि टाचण्या काढायला वाकली.

“थांब. टाकी उजवीकडे. नळही तिकडेच.” तो सुताराकडे वळला. “पिळायला न लागणारा, नुसता ढकलला की उघडणारा नळ मिळतो ना?”

“मिळतो की, ड्रायव्हरसाहेब.”

तिनं टाचण्या काढताच तो वाकला आणि डाव्या हातानं टाकीचा कागद त्यानं स्वतःच पलीकडे सरकवला. मग दात आवळले. उजवा हात मांडीवरून उठला आणि कागदाच्या कडेच्या बराच अलीकडे जाऊन टेकला.

तिनं खडू घेतला आणि त्याची बोटं जिथं पोचली होती, तिथं खूण केली.

“तिथं नको,” तो म्हणाला. “चार इंच पुढे धर. निघायला अजून वेळ आहे.”