गाढवीण स्वतःसाठी मागत नाही

रविवारी दुपारी मधला भाऊ आणि धाकटी बहीण खेळाची जुनी पेटी काखोटीला मारून आले, आणि ताईला इतका आनंद झाला की तिला शंकासुद्धा आली नाही. आनंद झाला की भल्याभल्यांची अक्कल चरायला जाते. ताईची तर कित्येक वर्षं दावणीलाच बांधलेली. ती उधळली.

खरं तर ते दोघं यायचे होते आईबद्दल बोलायला. ताई एका लॅबमध्ये दातांच्या कवळ्या बनवायची. मालकानं दुसऱ्या शहरात नवी लॅब काढली होती आणि ती ताईनं चालवावी असं त्याचं म्हणणं होतं. लॅबच्या वर राहायला दोन खोल्या, खिडकीतून नदी. ताईनं फोनवर दोघांना स्वच्छ सांगितलं होतं, "पुढच्या महिन्यात मी जाणार. आईला आलटून पालटून बघा, एकानं बघा, कसंही बघा." मग मधला म्हणाला होता, "रविवारी येतो, बसून बोलू."

बसले, पण बोलले नाहीत. मधल्यानं पेटी उघडून नकाशा पसरला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रंगीत खडूंनी काढलेला, घड्यांवर चिकटपट्ट्या मारलेला. काळं जंगल, राक्षसांचा घाट, आणि कोपऱ्यात एक गोठा. धाकटीनं पेटीतून वीस बाजूंचा फासा काढला, हातात खुळखुळवला आणि म्हणाली, "ताई, किती वर्षं झाली गं! आधी एक डाव खेळू, मग बोलू."

ताईनं चहा टाकला, बिस्किटं मांडली, आणि स्वतः जाऊन कपाटातून गाढवीण आणली.

या गाढविणीची हकिगत सांगायला हवी. वडील लवकर गेले आणि आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात दुसऱ्या पाळीला लागली. संध्याकाळची दोन पोरं सांभाळायची ती चौदा वर्षांच्या ताईनं. पोरं म्हणजे नुसती वानरं. हात धुणार नाहीत, जेवणार नाहीत, झोपणार तर मुळीच नाहीत. ओरडून ताईचा घसा बसला, तेव्हा तिनं हा खेळ काढला. मधला सरदार, धाकटी कुठलंही कुलूप उघडणारी चोरटी, आणि गोठ्यात राहणारी एक हजार वर्षांची गाढवीण, जिनं सगळ्या राजांची ओझी वाहिलेली आणि म्हणून जिला सगळं कळतं. वाट अडली की गाढविणीकडे जायचं, तिचे पुढचे दोन पाय, म्हणजे ताईची मनगटं, धरायचे आणि एक प्रश्न विचारायचा. आई ती म्हण नेहमी वापरायची, अडला हरी गाढवाचे पाय धरी, त्यावरूनच ताईला हे सुचलं होतं. गाढविणीनं उत्तर द्यायलाच हवं. तिला खोटं बोलता येत नाही. आणि ती सांगेल ते करावंच लागतं. "गाढवीणबाई, घाटातून जाऊ की जंगलातून?" "घाटातून. पण आधी पानातलं संपवा." पोरं मुकाट संपवायची.

मधला लहानपणापासून वकिली डोक्याचा. एकदा त्यानं विचारलंच, "गाढवीण तुझ्या फायद्याचं सांगत नाही कशावरून?" तेव्हा ताईनं आणखी एक नियम केला. गाढवीण स्वतःसाठी कधीच काही मागत नाही. ज्या दिवशी मागेल, त्या दिवशी तिचा शब्द फुकट. मधल्याला हे पटलं. लहान पोरगी कायदे करायला बसली की पुढच्या पन्नास वर्षांचा विचार कुठून करणार?

रात्री पाळीवरून आलेली आई दारातच गाढविणीचा घोगरा, नाकातला आवाज ऐकायची. चप्पल न काढता आत यायची, हसत हसत ताईची मनगटं धरायची आणि विचारायची, "गाढवीणबाई, मुलं जेवली का?"

पहिली गाढवीण साबणाची होती, ती झिजली. आताची ताईनं लॅबमध्ये शिकाऊ असताना कवळीच्या हिरडीला लागतो त्या गुलाबी मसाल्याची ओतली होती, आणि जबड्यात चक्क माणसाचे, म्हणजे कवळीचे, दोन दात बसवले होते. त्यामुळे ती कायम हसल्यासारखी दिसायची. कशाला हसते, हे कळत नसे.

पोरं मोठी झाली तरी खेळ सुटला नाही. सुट्टीत जमले की डाव पडायचा. खेळवण्याचं काम मधल्यानं घेतलं, ताईकडे फक्त गाढवीण उरली. धाकटीनं लग्नाला हो म्हणण्याआधी थट्टेथट्टेत मनगटं धरली होती. मधल्यानं शाळेतली नोकरी धरली तीही तशीच. नावाला थट्टा.

आता मधला शाळेत उपमुख्याध्यापक होता आणि गोष्टही वर्गात सांगावी तशी सांगायचा. "राज्यावर अंधार आलाय. मनोऱ्यात म्हातारी राणी आहे. तिच्या उशाशी एक दिवा आहे. तो विझला की राज्य संपलं. राणी कोणाला ओळखत नाही, पण दिव्यापाशी रोजचं माणूस नसलं की घाबरते."

ताईचा हात बिस्किटावरच थांबला. तिनं धाकटीकडे पाहिलं. धाकटी नकाशाकडे इतकं लक्ष देऊन बघत होती, जणू उद्या परीक्षा आहे.

"मी घेते दिवा," धाकटी म्हणाली आणि फासा टाकला. अठरा पडले, म्हणजे चांगलंच दान.

"चोरटीच्या हातात दिवा टिकत नाही," मधला म्हणाला. "तिच्या घरी वारा फार."

धाकटीचा नवरा तापट होता, हे खोटं नव्हतं.

"आणि सरदार?" ताईनं विचारलं. "त्याच्याकडे नाही का नेता येत राणीला?"

"सरदाराच्या गढीला जिने फार आहेत," मधला म्हणाला. तो दुसऱ्या मजल्यावर राहायचा. "राणीला चढवत नाहीत."

पलीकडच्या खोलीत आई झोपली होती. खुबा मोडल्यापासून ती वॉकरची चौकट धरून चालायची, आणि आठवण तर त्याच्याही आधीपासून गळत चालली होती. तिच्यासाठी कामाला ठेवलेल्या दोन बायकांना तिनं चिमटे काढून पळवलं होतं. मधला महिन्यातून एकदा भांग पाडून यायचा, त्याला ती लगेच ओळखायची. रोज अंघोळ घालणाऱ्या, रोज लंगोट बदलणाऱ्या ताईला ती 'बाई' म्हणायची, पगारी समजून. नेमानं हाताशी असलेल्या माणसाचा चेहरा कोण लक्षात ठेवतो? ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि ताईचं रोज सकाळी जळायचं.

"वाट अडली," मधला म्हणाला. "चला, गोठ्यात."

धाकटीनं ताईची मनगटं धरली. तिचे हात गार होते आणि डोळे भरले होते. तिचं रडणं खरं होतं. "गाढवीणबाई," ती म्हणाली, "दिव्यापाशी कोणी राहायचं?"

तेव्हा ताईला सगळा डाव लख्ख दिसला. समोरासमोर मागायची हिंमत नाही, म्हणून गाढविणीच्या तोंडून काढून घ्यायचं. एकदा ती बोलली की संपलं. यांचे हात स्वच्छ.

ताईनं घसा खाकरला आणि तोच जुना आवाज लावला. "दोघांनी. आळीपाळीनं. चोरटीनं वारा आवरावा, सरदारानं जिने चढावेत."

"थांब," मधला म्हणाला. "हे गाढवीण नाही बोलली. हे तू बोललीस. तुझ्या सोयीचं आहे हे."

"खरंही आहे."

"असेल. पण गाढवीण स्वतःसाठी मागत नाही. नियम तुझाच आहे, ताई."

"चौदा वर्षांची होते रे मी!"

"म्हणून काय झालं? आम्ही जन्मभर पाळला ना?"

खरंच पाळला होता. ताईला हसू आलं, आणि ते हसू चांगलं नव्हतं. "पाळलात! मऊ लागलं म्हणून कोपरानं खणलंत. मी इतकी वर्षं इथं काय हौसेनं बसलेय? मला काय दुसरं आयुष्य नको होतं?"

धाकटी गोंधळली. तिनं अगदी भाबडेपणानं म्हटलं, "पण तू कधी बोलली नाहीस, ताई. तुला काही हवं असतं, हे आम्हाला माहीतच नव्हतं."

थोबाडीत खाल्ली असती तर ताईला कमी लागलं असतं. कारण पोरगी खोटं बोलत नव्हती. दोघांनाही लहानपणी जे पढवलं, ते त्यांनी घोकलं होतं, आणि खेळातल्या जनावराचा नियम बहिणीला लावून मोकळे झाले होते. पढवलं कोणी? ताईला त्यांचा राग आला, आणि त्या चौदा वर्षांच्या शहाण्या कार्टीचा त्याहून जास्त.

इतक्यात चौकटीचा ठक ठक आवाज आला. आई दारात उभी होती, केस विस्कटलेले, एका पायात मोजा. गाढविणीच्या आवाजानं तिला उठवलं होतं. ती कोणाकडे न बघता टेबलाशी आली, मधल्यानं सरकवलेल्या खुर्चीत बसली, आणि तिनं ताईची दोन्ही मनगटं धरली.

"गाढवीणबाई," आईनं विचारलं, "मुलं जेवली का?"

ताईनं तोच घोगरा सूर लावला. "जेवली."

"झोपली?"

"झोपतीलच आता."

"आणि मोठी कुठं आहे?"

गाढविणीला खोटं बोलता येत नाही. ताईनं आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो पाळीवरून दमून आलेल्या, मन लावून ऐकणाऱ्या बाईचा चेहरा होता. असा तो कित्येक वर्षांत दिसला नव्हता.

"मोठी जाणार आहे," ताई म्हणाली. "लांब. तिला काम मिळालंय. खिडकीतून नदी दिसते."

"एकटीच?"

"एकटीच."

आईचा अंगठा ताईच्या मनगटावर, जुन्या भाजल्याच्या डागावर फिरत होता. मग ती म्हणाली, "जाऊ दे तिला. फार राबते पोरगी. माझी पोरं मी तिच्या गळ्यात बांधली. तिला सांग, मागं बघू नकोस म्हणावं. सांगशील ना?"

"सांगते."

मधला फाशाकडे बघत म्हणाला, "आईला काय कळतंय त्यातलं. हे धरायचं नाही."

"दादा, गप बस," धाकटी रडत म्हणाली. "तिनं पाय धरले होते."

मधल्यानं फासा पेटीत टाकला. नियम तो नियम.

हे सगळं ताईच्या मनात अजून उतरतही नव्हतं. आयुष्यभरात आईनं हे एवढं एकदाच म्हटलं होतं, आणि तेही तिला नाही. तिला आत्ता, या क्षणी, आईच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणायचं होतं, अगं, मीच ती. तिनं आपल्या खऱ्या आवाजात हाक मारली, "आई."

आईनं मनगटं सोडली. तिनं ताईला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि तिचा चेहरा नेहमीसारखा मिटला. "बाई, तुम्ही इथं काय बसलात? पाहुणे आलेत. चहा टाका की."

ताई उठली आणि तिनं चहा टाकला.

पुढच्या महिन्यात आईला मधल्याच्या घरी नेलं. खुर्चीत बसवून मधल्यानं आणि धाकटीच्या त्या तापट नवऱ्यानं वर चढवलं. जिने होते तेवढेच होते. चढायची वेळ आली तेव्हा चढून झाले. ताईनं गोळ्यांच्या वेळा समजावल्या, आईची उशी तिला लागते तशी दोनदा दुमडून दाखवली. उशाशी टेबलावर गुलाबी गाढवीण ठेवली. मधल्याची बायको नाक मुरडून म्हणाली, "हे काय ध्यान?"

आई नव्या भिंतींकडे बघत होती. घाबरली होती. ताईनं पिशवी खांद्याला लावली, तशी आईनं तिचा पदर धरला.

"बाई, उद्या येणार ना तुम्ही?"

टेबलावरची गाढवीण दोन दात दाखवून हसत होती. तिला खोटं बोलता येत नव्हतं. ताईनं आईची बोटं एकेक करून सोडवली.

"येते ना," ती म्हणाली. "सकाळीच येते."