सतरंजीखालची वेरमणी

मी एक जुनी सतरंजी आहे, आणि मला आगपेटीच्या आवाजाची भीती वाटते. कुणी काडी ओढली, की माझा डावा कोपरा आखडतो. त्या कोपऱ्याला एक ठिगळ आहे. मित्रांनो, आज त्या ठिगळाचीच गोष्ट सांगते.

माझा जन्म नागपूरकडच्या एका मागावर झाला. निळे-पांढरे पट्टे, जाड सुती अंग, दोन्ही टोकांना गोंडे. विणताना फणी अशी दणकन बसायची, की पुढचा धागा यायच्या आधीच मी दचकायची. पुढे रेल्वेत नोकरीला असलेल्या तेजरामने मला विकत घेतले, गुंडाळून गाडीच्या बाकाखाली सरकवले आणि दुर्गला उतरवले. त्या अंधारात, चाकांच्या खडखडाटात, आपल्याला कुठे नेताहेत हेच मला कळत नव्हते. तेजरामने मला भिलाईतल्या आपल्या वस्तीच्या बुद्धविहाराला दान दिले. त्याची बायको बेबीताई तिथे दर रविवारी मुलांचा धम्मवर्ग घ्यायची. तिने मला झटकून अंथरले आणि म्हणाली, "बसा आता पोट्टेहो. आता कोनाले फरशी गार लागनार नाही."

ते दिवस फार चांगले होते. दर रविवारी सकाळी मुले यायची, चपला दाराशी टाकायची आणि माझ्यावर मांडी घालून बसायची. मला चेहरे नीट दिसत नाहीत, मित्रांनो. मला पाय कळतात. धडा पाठ असलेल्याचे पाय सैल असतात. घाबरलेले मूल पायाची बोटे आवळून माझा धागा घट्ट धरते.

उत्कर्षाची बोटे नेहमी आवळलेली असायची.

ती दुसरीत होती. वर्गाच्या सुरुवातीला सगळी मुले पंचशील म्हणायची. पाली भाषेतले ते शब्द एका दमात, गाडी सुटल्यासारखे म्हटले जायचे. बेबीताई खुर्चीवर बसून ऐकायची आणि कुठे चुकले तर टोकायची. पाठांतर तिथे पक्के व्हायचे. अर्थ मात्र कुणी विचारत नसे आणि कुणी सांगतही नसे.

प्रत्येक शीलात एक शब्द येतो, वेरमणी, आणि त्याच्या पाठोपाठ सिक्खापदं. उत्कर्षाचा चुलतभाऊ भूषण तिला चिडवण्यात पटाईत होता. एकदा त्याने तिच्या कानात सांगितले, "वेरमणी एक बाई आहे. पाच वेळा बुलाते ना आपन तिले? जो झूठ बोलते, त्याची जीभ घेऊन जाते."

"राहते कुठं ते?"

"सतरंजीच्या खाली."

त्या दिवसापासून उत्कर्षा माझ्यावर बसताना आधी मला हाताने चाचपून बघायची. तिच्या हाताला घाम यायचा. माझ्याखाली फक्त फरशी होती, पण ते मी तिला कसे सांगणार?

मग तो रविवार आला. उत्कर्षा सगळ्यांच्या आधी विहारात आली. मेणबत्ती लावायचे काम मोठ्या मुलांचे होते, पण तिलाही एकदा लावून बघायची होती. तिने काडी ओढली. वात पेटली, तशी मेणबत्ती तिच्या हातून निसटली आणि माझ्या डाव्या कोपऱ्यावर पडली. मेण सांडले, धागा चरचरला. उत्कर्षाने पेटती मेणबत्ती उचलून ओट्यावर ठेवली, जळलेल्या जागेवर घाईघाईने दारातली चप्पल आणून आपटली आणि माझा कोपरा दुमडून जळके भोक आत लपवले. मग ती त्याच घडीवर जाऊन बसली.

ज्वाळा विझली होती. पण सुती घडीच्या आत एक ठिणगी उरली होती.

बेबीताई आली. "मेणबत्ती कोनं लावली रे आज?"

तिने उत्कर्षाकडे बघितले असावे, कारण माझा धागा एकदम ताणला गेला.

"मले नाही माहीत," उत्कर्षा म्हणाली.

आता ती खोटे बोलली होती, आणि पंचशील तर सुरू व्हायचे होते. पहिली वेरमणी आली, दुसरी आली. प्रत्येक हाकेसरशी ती अंग चोरत होती. घडीच्या आत ठिणगी एका धाग्यावरून दुसऱ्या धाग्यावर सरकत होती. मी धुमसत होते. माझ्या त्याच बाजूला कुणाचा तरी धाकटा भाऊ, रोशन, गाढ झोपला होता. त्याचे केस माझ्या घडीला लागले होते. मला ओरडता येत नव्हते. एवढी भीती मला ना मागावर वाटली होती, ना बाकाखाली.

"ताई, जलने की बास येऊन राहिली," भूषण म्हणाला.

"प्लांटचा वास असंन," बेबीताई म्हणाली. "हवा तिकडून आहे आज. म्हन तू."

मित्रांनो, भिलाईत सगळे असेच म्हणतात. कसलाही धूर असला तरी तो पोलादाच्या प्लांटचाच.

चौथे शील आले, खोटे न बोलण्याचे. सगळे म्हणत होते. उत्कर्षाने दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरले होते.

बेबीताईने हात वर करून मुलांना थांबवले. "काऊन व पोरी? दात दुखते का?"

भूषण हसला. "ताई, तिले वेरमणीचा भेव वाटते. जीभ नेईन म्हनते."

"कोन वेरमणी?"

मुलांना वाटले, ताई परीक्षा घेते आहे. एक म्हणाला, राक्षसीण. एकजण म्हणाली, "नाही ताई, भंतेजींची बहीन." तिसऱ्याने सांगितले, "सिक्खापदं तिचं गाव आहे."

कुणी हसेल म्हणून मी वाट बघितली. बेबीताई हसली नाही. ती खुर्चीवरून उठली आणि पहिल्यांदाच माझ्यावर येऊन बसली, उत्कर्षाच्या समोर. तिच्या टाचा भेगाळलेल्या होत्या.

"वेरमणी कोनी बाई नाही, माय," ती हळू म्हणाली. "वेरमणी म्हंजे दूर राहनं. खोट्यापासून मी आपल्या मनानं दूर राहीन, असं आपन म्हनतो. कोनी पकडाले येत नाही. तुह्यावर नजर ठेवनारी तूच."

"अन् एखाद्यानं बोललं असंन तं?"

"तं आता खरं बोलाचं. तेथूनच दूर जानं सुरू होते."

उत्कर्षाने तोंडावरचे हात काढले. तिच्या पायाची बोटे सुटली. "ताई, मेणबत्ती मी लावली. सतरंजी जळली. खाली गरम लागून राहिलं मले."

बेबीताईने झडप घालून आधी रोशनला उचलले, मग माझी घडी उलगडली. हवा लागताच कोपरा भडकला. मुले किंचाळत दाराकडे पळाली. भूषण मात्र माठाकडे धावला आणि अख्खा माठ माझ्यावर ओतला. रोशनच्या कानाजवळचे थोडे केस करपले होते. त्याला काहीच कळले नव्हते. तो पाणी अंगावर उडाले म्हणून रडत होता.

बेबीताईने उत्कर्षाला मारले नाही. तिला पोटाशी धरून ती बराच वेळ ओल्या फरशीवर बसून राहिली. पुढच्या रविवारी तिने आपल्या जुन्या निळ्या लुगड्याचे ठिगळ मला लावले. त्यानंतर अर्थ सांगितल्याशिवाय तिने एकही शील म्हणवून घेतले नाही.

बेबीताई आता नाही. विहारात प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मला गुंडाळून दारामागे उभे केले. तिथे उंदीर येतात. बाहेर कबाडवाल्याची हाक आली, की माझे गोंडे गारठतात. मागे कुणीतरी म्हणालेच, "ये जली हुई दरी दे डालो कबाडी को."

"ते राहू द्या," वर्ग घेणारी ताई म्हणाली. आवाज मोठा झाला होता, पण मी ओळखला. ती उत्कर्षा होती.

आता ती मला दर रविवारी पसरते, खुर्च्या भिंतीला लावते आणि पंचशीलाआधी नव्या मुलांना ठिगळावर बोट ठेवायला सांगते.

मित्रांनो, मला अधूनमधून ऊन दाखवा, झटका, वाळवी लागू देऊ नका. आणि जे पाठ करता त्याचा अर्थ विचारा. न कळलेला शब्द दुमडलेल्या कोपऱ्यासारखा असतो. आत काय धुमसते आहे, ते वरून दिसत नाही.

परवा एक चिमुरडी पहिल्यांदाच आली होती. पहिल्याच शीलात ती अडली आणि भर वर्गात म्हणाली, "दीदी, ये वेरमणी कोण आहे?"

तिच्या पायाची बोटे अगदी सैल होती.