साखर बसली

आइस्क्रीमच्या त्या दुकानाचे मालक मामा होते, पण शेवटचा शब्द मामांच्या जिभेचा. दूध आटलं, साखर विरघळली, पातेलं गार झालं, की मामा मागच्या खोलीत येत, चमचा बुडवत आणि डोळे मिटून घेत. भाची श्वास रोखून उभी. मग मामा म्हणत, "बसली." म्हणजे साखर बसली, गोडी नेमकी जमली. हा शब्द ऐकल्याशिवाय मिश्रण मशीनमध्ये जायचं नाही. कोपऱ्यात वजनकाटा होता, पण तो मामांच्या मते नवशिक्यांसाठी.

गेले काही महिने मात्र साखर काही केल्या बसेना. "घाल अजून," मामा म्हणत. भाची घाली. "अजून घाल." एके दिवशी तिनं हात आखडता घेतला.

"मामा, फार गोड होतंय. खरंच. एक चमचासुद्धा खाववत नाही."

"तू शिकवणार आता मला?"

तिनं अजून साखर घातली. गिऱ्हाइकं तर आधीपासूनच गप्प होती. मामांचा स्वभाव तिखट, त्यांच्या तोंडी कोण लागणार? "वा, मामा!" म्हणायचं आणि अर्धा कप दाराजवळच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून चालू लागायचं. तो डबा भाचीच रिकामा करायची, त्यामुळे ही गोष्ट तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती.

इकडे मामांच्या मनात पाल चुकचुकायला लागली. एवढी साखर पडते, तर जाते कुठे? आणि एकदा डोक्यात काही घुसलं की ते बाहेर काढणं मामांना कधी जमलेलं नाही. भर दुकानात, रांगेतल्या माणसांसमोर ते ओरडले, "माप मारतेस तू! पिशव्या भरभरून घरी नेतेस, नाहीतर विकतेस!"

लहानपणापासून त्यांच्याच घरात वाढलेली, लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेलेली ही पोर. तिच्या तोंडाचा रंगच उडाला. तिनं एप्रन खुंटीला अडकवला आणि दुकानाची किल्ली गल्ल्यावर ठेवली.

"मोजून बघा, मामा," एवढंच म्हणाली आणि गेली.

मामांनी खरंच मोजलं. खोलीला आतून कडी घातली, नवं पोतं उसवलं, नवशिक्यांच्या काट्यावर स्वतःच्या हातानं साखर तोलली. मिश्रण गार झाल्यावर चमचा तोंडात घातला. फिक्कं! नुसतं गार दूध. खोलीत चोर म्हणावं असं दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी पोत्यातली मूठभर साखर तोंडात कोंबली. दातांखाली कचकच वाजली. गोडी आली, पण उशिरा आणि जेमतेम. मामा घाबरले.

मामी किती दिवस कानीकपाळी ओरडत होत्या की तुम्ही तांबेच्या तांबे पाणी पिताय, दाखवून या. आता ते मुकाट्यानं गेले.

डॉक्टरबाईंनी तपासणीचा कागद पाहिला. "मधुमेहाच्या गोळ्या घेताय ना?"

"बरं वाटत होतं म्हणून सोडल्या."

"रक्तातली साखर फार वाढलीय. बरेच दिवस अशी राहिली, तर काही जणांची गोडाची चव बोथट होते. साखर आटोक्यात आणू, चव कदाचित सुधारेल. खात्री मात्र देत नाही."

"म्हणजे साखर सगळी आत, आणि जिभेला उपास," मामा म्हणाले. बाई हसल्या नाहीत. मामांनाही हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते भाचीच्या दारात उभे राहिले. हातात डबा, त्यात नेहमीच्या अंदाजानं केलेलं आइस्क्रीम. रस्ताभर त्यांनी "चुकलं माझं" घोकलं होतं. दार उघडल्यावर तोंडातून निघालं, "चव बघ जरा."

"या, मामा. बसा." तिनं चमचा आणला. मामा तिच्या चेहऱ्याकडे डोळे लावून बसले. घास तोंडात गेला तसे तिचे डोळे किलकिले झाले, घास गिळताना मान आखडली. मग ती उठली आणि घटाघटा पाणी प्यायली.

"छान आहे, मामा."

मामांनी तिच्या हातातलं रिकामं भांडं पाहिलं. सगळं गाव छान म्हणत होतं, तेव्हा ही एकटी खरं बोलली होती. त्या खऱ्याचं बक्षीस त्यांनी तिला रांगेसमोर दिलं होतं. आता जीभ गेली होती, आणि ज्या जिभेवर भरवसा टाकायचा तीही त्यांनीच गप्प केली होती.

"चुकलो गं मी," ते म्हणाले. "साखर वाढलीय माझी. मला आता काही कळत नाही. तुझ्यावर नको ते बोललो. तू तरी खरं सांग. गोड जास्त झालंय ना?"

भाचीचे डोळे भरले. तिनं डब्याचं झाकण लावलं, कडा दाबून नीट बसवलं आणि डबा त्यांच्याकडे सरकवला.

"नाही, मामा," ती खाली बघत म्हणाली. "बसलीय साखर. अगदी बरोबर बसलीय."