मोठ्यांच्या संघात
रावजीने शिट्टी फुंकली की गावातल्या साऱ्या कबड्डीवाल्या पोरी मुकाट रांगेत उभ्या राहत. त्याला जुमानत नसे ती एकटी त्याची लेक, प्रणाली. पोरगी अकरावीत होती, संघात तिच्यासारखी चढाई कुणाची नव्हती, आणि आता तिने नवंच खूळ डोक्यात घेतलं होतं. खाडीपलीकडच्या कॉलेजात दर शनिवारी पदवीच्या पहिल्या वर्षाचा संख्याशास्त्राचा वर्ग भरे. अकरावीच्या मुलांनाही तिथे बसता येई, आणि पास झालं तर पुढे पदवीला तो विषय सुटे. सरावाचा वारही नेमका शनिवारच.

"आधी बारावी हो," रावजी म्हणाला. "आत्तापासनं मोठ्यांचं ओझं कशाला?"

"मग क्रांतीला मोठ्या बायांच्या संघात कसं उतरवलंत? ती तर दहावीत हाय."

"मोठ्यांत खेळल्याबिगर दम येत न्हाय!"

बोलून बसल्यावर आपलीच पकड झाल्याचं त्याला कळलं. पण हार मानेल तर तो रावजी कसला! त्याने अट घातली. पहिल्या चाचणीत पास झाली तर पुढे जायचं, नाहीतर वर्ग बंद.

निकालाच्या दिवशी तो आगरदांड्याच्या धक्क्यावर जाऊन उभा राहिला. पोरगी नापास व्हावी असं त्याला मनातून वाटत होतं, आणि तसं वाटतंय याची लाजही वाटत होती. फेरीबोट लागली. प्रणाली उतरली.

"वीसपैकी पाच," ती म्हणाली. "पण कुठं चुकलं ते कळलंय. पुढच्या शनिवारी पहिली बोट पकडते, म्हंजे सरांना आधीच गाठता येईल. तुमची अट ठाऊक हाय मला, बाबा. तरी मला जायचंय."

नवी पोर मोठ्यांत घेताना रावजी गुण कधीच मोजत नसे. पहिल्या चढाईत सगळ्याच सापडतात. जी रडत आईकडे बघे तिला तो न रागावता वर्षभर थांबवी. जी धूळ झटकून पुन्हा चढाई मागे तिला ठेवून घेई. क्रांतीला त्याने अशीच ठेवली होती. आणि स्वतःच्या लेकीला मात्र गुणांची अट!

त्याने तिच्या खांद्यावरची बॅग घेतली.

"शनिवारी सरावाला येऊ नको."

"रागावलात?"

"न्हाय गं. त्या दिवशी तुझी चढाई पलीकडं हाय."

तिला हसू आवरेना. आपली सगळ्यात चांगली खेळाडू शनिवारी नसणार, हे रावजीला घरी पोचेपर्यंत सलत राहिलं, आणि तरी बॅग त्याने तिला परत दिली नाही.